हिमोग्लोबिन कमी आहे, पण कशामुळे?

गरोदरपणात पाचव्या-सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन थोडं उतरलं की घरचे घाबरतात. त्यातली काही घट नैसर्गिक असते. या काळात रक्तातला पातळ द्रव ४० ते ५० टक्के वाढतो, लाल पेशी मात्र त्या मानाने कमी वाढतात. पण आकडा ११ ग्रॅमच्या खाली (मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या खाली) गेला, तर तो ॲनिमिया. मग कारण शोधावं लागतं, आणि ते दर वेळी लोहच असेल असं नाही.

हे कळलं ते आपल्या मुंबईत. १९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. आजूबाजूला कापड गिरण्या. कोकणातून आणि आपल्या साताऱ्याकडूनही माणसं तिथे पोटासाठी गेलेली (आजच्या सांगलीतला वाळवा, तासगावचा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता). मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना एक जीवघेणा ॲनिमिया होत असे. त्यात लाल पेशी कमी असत, पण आकाराने मोठ्या. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. इथे उलटंच होतं.

विल्स यांनी आधी जंतुसंसर्ग शोधला; सापडला नाही. मग या बायकांचं खाणं तपासलं. भाजी-फळं फारच कमी. तसाच आहार माकडांना दिला, तर त्यांनाही ॲनिमिया झाला. बरा कशाने झाला? मार्माइटने! बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा हा स्वस्त अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात. तो दिल्यावर रुग्ण बायकाही सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधलं ते द्रव्य पुढे १९४१ मध्ये पालकातून वेगळं केलं गेलं आणि फोलिक ॲसिड असं नाव मिळालं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत आज ६० मिलिग्रॅम लोहासोबत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, ते यामुळेच. (बीटच्या रसाने रक्त वाढतं म्हणतात. लाल रंगावर जाऊ नका. बीटमध्ये लोह थोडंच असतं, फोलेट मात्र बऱ्यापैकी.)

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या ६ गावांतल्या गरोदर स्त्रियांचं रक्त तपासलं. फोलेटची कमतरता जवळपास नव्हतीच; भाकरीबरोबर पालेभाजी होती. पण दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी होतं. ते दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं, आणि हे पदार्थ ताटात थोडेच. या अभ्यासातल्या ज्या मातांचं फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. म्हणजे मधुमेहाची पूर्वतयारीच.

आपल्या सातारा-सांगलीकडचं जेवण या गावांपेक्षा फार वेगळं नाही. आणि त्या सरकारी गोळीत बी-१२ नसतं. फोलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान चालूच राहू शकतं. म्हणून गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे पेशीचा सरासरी आकार, पाहा. तो १०० च्या वर असेल तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल जरूर विचारा. मात्र लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर लहान-मोठ्या पेशींची सरासरी नॉर्मलही येते. त्यामुळे घरी दूध-अंडी फारशी होत नसतील, तर एमसीव्ही नॉर्मल असला तरी बी-१२ ची तपासणी करून घ्या. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.