एंटरच्या अलीकडे

ओळ टाइप करून झाली आहे. सुडो डीडी आयएफ=मिंट.आयएसओ ओएफ=/डेव्ह/एसडीए बीएस=४एम. उजव्या हाताची करंगळी एंटरवर टेकली आहे, दाबलेली नाही. नोव्हेंबर २०२५, रविवार सकाळ. स्वयंपाकघरात कुकरची दुसरी शिट्टी होते. मावशीचा फोन दोनदा येऊन गेलाय: "आज नक्की ना? नाहीतर मी तो कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊन टाकते."

मावशीचा कॉम्प्युटर ठणठणीत आहे. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले आणि विंडोज ११ च्या अटींत तो बसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. म्हणून लिनक्स मिंट. पावणेतीन जीबीच्या आसपासची आयएसओ इमेज रात्रीच उतरवून ठेवलीत, चेकसमही जुळवून पाहिलात. आता घरच्या जुन्या डेस्कटॉपला पेनड्राइव्ह लावून ती त्यावर लिहायची, की निघायचं.

डीडी ही आज्ञा "खात्री आहे का?" असं विचारत नाही. आयएफ म्हणजे कुठून उचलायचं, ओएफ म्हणजे कुठे लिहायचं. तिला एवढंच कळतं. नाव आणि बोलण्याची ढब दोन्ही आयबीएमच्या साठच्या दशकातल्या मेनफ्रेमवरून आलेली, त्यामुळे युनिक्सच्या बाकीच्या आज्ञांत ती परगावाहून आलेल्या पाहुणीसारखी अवघडून उभी असते. आणि तिची जीभ काळी आहे. जुनेजाणते तिला 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात ते उगाच नाही.

कर्सर लुकलुकतो. विझतो. आणि लगेच पेटत नाही.

पेटतो तेव्हा साल २००८ आहे. पेनड्राइव्ह जेमतेम १ जीबीचा, टोपण कधीच हरवलेलं. सीडीवर जी इमेज बिनबोभाट चालते तीच तुम्ही जशीच्या तशी त्यावर लिहिलीत, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उत्तर येतं की ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही. पुन्हा लिहिता. पुन्हा तेच. संगणक सुरू करणारा बायोस पेनड्राइव्हकडे हार्डडिस्क म्हणून बघतो, आणि हार्डडिस्कचे तो फक्त पहिले ५१२ बाइट वाचतो: ४४६ बाइट चालू करणारा कोड, ६४ बाइट पार्टिशनचा तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण. तुमच्या इमेजमध्ये त्या जागी शून्यं आहेत. नुसती शून्यं.

ती तिथे का, हे बघण्यासारखं आहे. सीडीवरच्या फाइल कशा मांडायच्या याचं मानक, आयएसओ ९६६०, १९८८ साली आलं. त्याने चकतीचे पहिले १६ सेक्टर मोकळे सोडले. एकेक २०४८ बाइटांचा, म्हणजे एकूण ३२ केबी. चकतीचं स्वतःचं वर्णन त्यानंतर सुरू होतं. जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूला ओटा असायचा तसंच हे. घर आतून सुरू होतं. ओट्यावर कोण टेकतंय याच्याशी घराला देणंघेणं नाही. पीसीवर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक सीड्यांवर हा ओटा वीस वर्षं ओसाड होता. २००८ मध्ये एच. पीटर अँव्हिन यांच्या सिसलिनक्स या बूटलोडरमध्ये आयसोहायब्रिड नावाचं छोटं अवजार आलं. त्याने त्या ओट्यावर हार्डडिस्कचा ५१२ बाइटांचा दरवाजा आणून बसवला. सीडी वाचणारा ओटा ओलांडून थेट आत जातो, त्याला काही बदललेलं कळतही नाही. पेनड्राइव्ह वाचणारा ओट्यावरच थांबतो आणि त्याला हवं ते तिथेच मिळतं. आतल्या भिंतीची वीट हलली नाही. संगणकाच्या दुनियेत नव्याचा इतका गाजावाजा असतो, पण माझं मत विचाराल तर त्या वर्षातलं सगळ्यात देखणं काम हे होतं, आणि ते कुणीतरी मोकळ्या सोडलेल्या जागेमुळे जमलं.

पडदा पुन्हा विझतो. या वेळी अंधाराला सिगारेटचा आणि ओल्या टॉवेलचा वास आहे.

रात्रीचा दीड, २००२, पुण्यातलं इंजिनिअरिंगचं होस्टेल. तिघांच्या खोलीत सहा जण बसलेत आणि एकही हलत नाही. ज्याचा सीडी रायटर आहे त्याने पलंगावरून हुकूम सोडलाय: माउसला हात लावायचा नाही, विनअॅम्प बंद, दार आपटायचं नाही. (दाराचा यात काय संबंध, हे विचारायची ही वेळ नव्हे.) तुम्ही खुर्चीच्या कडेवर टेकून निळी पट्टी सरकताना बघताय. वेग ४एक्स. ८० मिनिटांची चकती म्हणजे २० मिनिटं. लेझर एकदा कोरायला लागला की त्याला सेकंदाला ६०० केबी हवेतच. 'जरा थांब, आलो' त्याला चालत नाही. रायटरच्या पोटात २ एमबीचा साठा. संगणक दुसऱ्या कशात गुंतला तर साडेतीन सेकंदांत शिधा संपतो. सॅन्योने बर्न-प्रूफ नावाचं तंत्र काढलंय, लेझर थांबला तरी तिथूनच पुढे कोरणारं. पण या खोलीतला रायटर त्याच्या आधीचा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेला.

कुणी माउसला हात लावत नाही. दहा मिनिटं लावत नाही. आणि म्हणूनच ६७ टक्क्यांवर स्क्रीनसेव्हर सुरू होतो.

रंगीत नळ पडद्यावर वळणं घेत वाढायला लागतात. रायटरचा आवाज बदलतो, घरंगळल्यासारखा खाली येतो. बफर अंडररन. चकती बाहेर येते तेव्हा तिच्या पाठीवर लिहिलेला भाग गडद दिसतो आणि मग एका स्वच्छ वर्तुळापाशी तो संपतो. जिथे शिधा संपला ती ही रेघ. तुम्ही तिच्यावरून बोट फिरवता. चकती अजून कोमट आहे.

दुसरी चकती. स्क्रीनसेव्हर बंद. कुणी बोलत नाही. शंभर टक्के! ट्रे बाहेर येतो, सगळे उठून उभे राहतात. शेजारच्या खोलीतल्या मशीनमध्ये सीडी घालता, ते चालू करता, आणि ते निवांत विंडोज ९८ सुरू करतं. चकती उघडून बघितली तर आत एकच फाइल. डॉट आयएसओ. ६४० एमबी.

पलंगावरचा मालक कपाळाला हात लावतो. ही चूक त्या काळी घरोघरी झाली. रांगोळीचा छापा अंगणात नेऊन ठेवला म्हणून रांगोळी उमटत नाही. तो जमिनीवर धरून रांगोळी फिरवावी लागते. आयएसओ हा असा छापा आहे. कुठल्या जागी कुठला ठिपका पडायचा ते त्यात ठरलेलं असतं. तुम्ही छापा तसाच उचलून चकतीच्या कपाटात ठेवलात. सीडी लिहिणाऱ्या नीरोच्या मेनूत खाली 'बर्न इमेज' अशी वेगळी ओळ होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

तिसरी चकती चालते, पहाटे तीनला. पहिल्या दोन वाया जात नाहीत. एक चहाच्या ग्लासाखाली जाते, दुसरी गच्चीवर दोऱ्याला, कबुतरांसाठी. अशाच जमवलेल्या चकत्यांनी भाद्रपदात होस्टेलच्या गणपतीचं मखर चमकतं.

झोपेने डोळे मिटतात आणि उघडतात तेव्हा खडखडाट ऐकू येतो. कट्-कट्-कट्, मग एक लांब कण्हणं. हा आवाज ज्याने ऐकलाय तो विसरत नाही. मुंबई, १९९६, डॉसचा काळा पडदा. देशात इंटरनेट सर्वसामान्यांना मिळायला लागून अजून वर्षही झालेलं नाही आणि तुमचा मॉडेम ९६०० बिटांवर रांगतोय. हिशेब करा: ८० ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, प्रत्येकात ५१२ बाइट. एका फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट. सगळं सुरळीत झालं तर एका फ्लॉपीला वीस मिनिटं, आणि मध्येच फोन कट झाला नाही असं कधी होत नाही. पॅट्रिक व्होल्कर्डिंगने जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर या लिनक्सची पहिली आवृत्ती सोडली ती २४ फ्लॉप्यांची होती. त्यानंतर ती फुगतच गेली. त्यामुळे शहाणी माणसं कुणाच्या तरी ऑफिसातून किंवा मासिकाच्या सीडीवरून फाइल आणतात, आणि रात्र फक्त लिहिण्यात घालवतात.

फ्लॉपी लिहिणारा रॉराइट हा प्रोग्राम तीन गोष्टी विचारतो. कुठली इमेज? कुठला ड्राइव्ह? फॉरमॅट केलेली फ्लॉपी घालून एंटर दाबा. तुम्ही टाइप करता: बेअर डॉट आय. ए. एंटर. मग ट्रॅकचा आकडा एकेकाने वाढत जातो. झाली की पेन्सिलीने लेबलवर 'बूट'. मग 'रूट'. मग ए१, ए२, ए३. पेन्सिल अशासाठी की फ्लॉपी उद्या दुसऱ्या कामाला लागणार आहे.

बूट फ्लॉपी घालून मशीन सुरू करता. कर्नलच्या ओळी धावतात आणि थांबतात: रूट फ्लॉपी घाला आणि एंटर दाबा. घालता. दाबता. आता ए१. ए२. पंखा नाही, मे महिना, घाम मनगटावरून कीबोर्डवर. ए३ वर तोच कट्-कट् आवाज, पण या वेळी थांबतच नाही. एकाच जागी डोकं आपटत राहिल्यासारखा. रीड एरर. बाकीच्या सगळ्या फ्लॉप्या धडधाकट आहेत आणि काही उपयोग नाही. ए३ पुन्हा लिहायची तर दुसरं मशीन हवं, कारण या मशीनवर आता डॉस उरलेलं नाही. तुम्ही फ्लॉपीचं धातूचं झाकण अंगठ्याने सरकवून आतल्या तपकिरी पडद्यावर फुंकर मारता. याने काही होत नसतं. सगळेच मारतात.

मावशीची मिंट आजही अशी वाहून न्यायची म्हटली, तर दोन हजारांच्या आसपास फ्लॉप्या लागतील.

इथून पुढची उडी धावती आहे. कॅलिफोर्नियातलं अर्व्हाइन, मेक्सिकन जेवणाचं एक रेस्टॉरंट, टेबलाशी फिनिक्स आणि आयबीएमचे दोन अभियंते. सीडीवरून संगणक सुरू करायचा कसा, यावर त्यांनी इथे डोकं लढवलं, आणि जानेवारी १९९५ च्या मानकाला रेस्टॉरंटचंच नाव मिळालं: एल टोरिटो. (आयएसओ ९६६० च्या आधीचं हाय सिएरा हे नावही एका हॉटेलचं. समित्यांना जेवल्याशिवाय काही सुचत नसावं.) क्लृप्ती अशी: ओटा सोडून १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये एक पत्ता लिहायचा. त्या पत्त्यावर फ्लॉपीची अख्खी इमेज ठेवायची आणि बायोसने ती खरीच ए ड्राइव्हमध्ये आहे असं सोंग आणायचं. म्हणजे नव्या चकतीच्या पोटात जुनी फ्लॉपी. तुमची ती घामाघूम बेअर डॉट आयसुद्धा.

शेवटी थंडी. हेलसिंकी, १९९१ चा हिवाळा. तीन वाजून गेलेत आणि बाहेर अंधार पडतोय. आईच्या फ्लॅटमधली खोली, टेबलावर ३८६ जातीचा पीसी, ३३ मेगाहर्ट्झचा, जानेवारीत हप्त्यांवर घेतलेला. समोर बसलेल्या लिनस तोरवाल्डसला बावीस पूर्ण व्हायचीत. डिस्कच्या एका भागावर मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, जिच्यात बसून त्याने स्वतःची सिस्टिम, लिनक्स, लिहिली. ऑगस्टमध्ये त्याने जगाला सांगितलं होतं की हा नुसता छंद आहे.

तुम्ही त्याच्या खुर्चीमागे उभे आहात. त्याला मॉडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायचाय. युनिक्सच्या रीतीत मॉडेम काय, डिस्क काय, सगळ्यांना फाइलीसारखी नावं असतात, आणि त्या नावाकडे जे पाठवाल ते निमूट लिहिलं जातं. त्याची बोटं चालतात. तुम्ही ओळ वाचता. नाव मॉडेमचं नाही, हार्डडिस्कचं आहे. हात पुढे करता. तो त्याच्या खांद्यातून आरपार जातो. एंटर.

मॉडेमची किरकिर ऐकू येत नाही. पडद्यावर तक्रार नाही, प्रश्न नाही. फोन नंबर फिरवायची आज्ञा मिनिक्सच्या पार्टिशनवर उमटली आहे आणि तिथे जे मोलाचं होतं ते गेलं. मिनिक्स पुन्हा घालता आली असती. त्याने घातली नाही. यापुढे आपलीच सिस्टिम वापरायची असं ठरवलं. पण ते नंतर. आत्ता फक्त त्याचे हात कीबोर्डवर थबकलेले, आणि शांतता. ती तुमच्या ओळखीची आहे. डीडी चालू असताना असते तीच.

कुकरची तिसरी शिट्टी.

करंगळी अजून एंटरवरच आहे. तुम्ही ती उचलता, दुसरी खिडकी उघडता आणि एलएसबीएलके टाइप करता. डिस्कांची यादी येते. तिच्यातल्या दोन ओळी कामाच्या. एसडीए, ४६५.८ जी. एसडीबी, १४.९ जी.

ऑफिसच्या लॅपटॉपची डिस्क एनव्हीएमई जातीची, तिचं नाव निराळंच; तिथे पेनड्राइव्ह लावला की तो एसडीए होतो. रोज तेच टाइप करून बोटांना ते पाठ झालंय. इथे, या जुन्या डेस्कटॉपवर, एसडीए म्हणजे बारा वर्षांचे फोटो.

पहिल्या खिडकीत परत. बाण मागे, मागे, मागे. बॅकस्पेस. ए जातो. बी.

एंटर. पडद्यावर काही येत नाही. पेनड्राइव्हच्या टोकाशी निळा दिवा थरथरायला लागतो.