चिलटांची विद्या : डॉ. ओबैद सिद्दिकी यांचे संशोधन



वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. आणि राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचे लग्न लावले तेही याच गावी. अशा ठिकाणी पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटाची कथा सांगायला उभे राहणे हे थोडे धाडसाचेच म्हटले पाहिजे. परंतु चिलट हे निमित्त. मला बोलायचे आहे ते डॉ. ओबैद सिद्दिकी यांच्याविषयी. मूळ संशोधन व्हायचे ते परदेशात, आपण फक्त त्याची टिपणे उतरवून घ्यायची, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षितांतही घट्ट बसली आहे. ती कितपत खरी, हे ताडून पाहायला या माणसाचे चरित्र फार उपयोगी पडते.

सिद्दिकींचा जन्म १९३२ सालचा, उत्तर प्रदेशातील बस्ती येथला. शिक्षण अलीगढला झाले आणि विषय वनस्पतिशास्त्र. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत ते गव्हाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करू लागले. एके वर्षी गारपीट झाली आणि प्रयोगासाठी लावलेला गहू आडवा झाला. गारपीट म्हणजे काय, हे या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. शेतकऱ्याला दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरावे लागते, त्याला इलाज नसतो. सिद्दिकींनी पीकच बदलले. ज्याला ढगांचे भय नाही असे, काचेच्या बशीत वाढणारे सूक्ष्मजीव त्यांनी निवडले, आणि ते ग्लासगोला ग्वीदो पोन्तेकोर्वो यांच्याकडे गेले. तेथे एका बुरशीच्या एकाच जनुकाची आतली रचना त्यांनी तपासली आणि १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

तेथून ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरेन यांच्याकडे गेले. तेथले काम एका दृष्टांताने सांगतो. जनुक हे जर एक लांब वाक्य मानले, तर काही बिघाड असे असतात की वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडतो आणि पुढचा मजकूर वाचलाच जात नाही. गॅरेन आणि सिद्दिकी यांना जंतूंचे असे वाण सापडले, की ज्यांत तो भलत्या ठिकाणचा विराम ओलांडून वाचन पुढे चालू राहते. १९६२ साली हे प्रसिद्ध झाले. आनुवंशिक लिपीतील विरामचिन्हे ओळखण्याच्या पुढील कामात याचा मोठा वाटा आहे. तिशीच्या सुमारास एवढे हाती लागलेला मनुष्य अमेरिकेत राहता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती.

त्याच वर्षी ते मुंबईला आले. होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले होते; शिफारस होती लिओ झिलार्ड यांची, जे स्वतः अणुशास्त्रातून जीवशास्त्राकडे वळलेले होते. कुलाब्याच्या त्या संस्थेत तेव्हा राज्य गणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे. तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग शून्यातून उभा करायचा होता. पहिली काही वर्षे सिद्दिकींनी जंतूंवरच काम केले, विद्यार्थी तयार केले. विषय माहितीचा होता, नाव झाले होते. इथे स्थिरावणे सोपे होते.

पण चाळिशीच्या सुमारास त्यांनी दुसऱ्यांदा पीक बदलले, आणि या वेळी गारपीट झालेली नव्हती. जनुक प्रथिन कसे घडवते हे बरेचसे कळले होते. जनुक वागणूक कशी घडवते हे मात्र जवळजवळ अज्ञात होते. कॅलिफोर्नियात सीमूर बेंझर यांनी त्यासाठी फळांवरची माशी, म्हणजे आपले चिलट, हाती घेतले होते. निवड चतुराईची होती. सुमारे दहा दिवसांत नवी पिढी, गुणसूत्रांच्या चारच जोड्या, आणि मेंदू असा की २०२४ साली त्याचा जो पुरा नकाशा प्रसिद्ध झाला त्यात सुमारे १ लाख ४० हजार मज्जापेशी भरल्या. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. एवढा छोटा मेंदू असूनही हा प्राणी उडतो, प्रियाराधन करतो, वास ओळखतो आणि लक्षातही ठेवतो.

सिद्दिकी बेंझर यांच्याकडे गेले. दोघांनी अशा माश्या अभ्यासल्या, की ज्या नेहमीच्या हवेत ठीक असतात, पण उष्णता तिशीच्या जवळ गेली की लुळ्या पडतात. चैत्रातल्या वाशीमात त्या दुपारी उठूच शकल्या नसत्या! सूक्ष्म विद्युत्-अग्रांनी त्यांच्या स्नायूंत व तंतूंत उठणारे संदेश मोजले, तेव्हा एकेका जनुकातील बिघाडाने मज्जासंस्थेचे वेगवेगळे काम बंद पडते असे दिसले. हा निबंध १९७६ चा. पुढे इतरांनी दाखवले की त्यांतले एक जनुक मज्जातंतूतून सोडियमचे कण आत घेणाऱ्या दाराचे आहे. सोडियमची अशीच दारे आपल्याही मज्जातंतूंत आहेत. लुळी पडणारी माशी माणसाच्या शरीराविषयी बोलू लागते ती अशी.

मुंबईत परतल्यावर त्यांनी वास आणि चव हा विषय धरला. या सुमारास डब्लिनमध्ये पदवी घेतलेल्या एका तरुणीने त्यांचे काम वाचून त्यांना पत्र लिहिले. तिचे नाव व्हेरोनिका रॉड्रिग्ज. जन्म केनियातला, घराणे गोव्याचे. ती मुंबईला आली. एका नळीला पुढे दोन फाटे, एका फाट्यात वास. माश्या कोणत्या फाट्याने जातात ते मोजायचे. साधन इतके साधे, की एखाद्या तालुक्याच्या शाळेलाही परवडावे. पण हजारो माश्यांतून एखाद्या विशिष्ट वासाला ‘आंधळी’ असलेली माशी हुडकून तिचा वंश टिकवायचा, याला जी चिकाटी लागते ती बाजारात मिळत नाही. १९७८ साली दोघांनी अशा वाणांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ते दिले भारतीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेला. परदेशी पत्रिकेचा शिक्का नसतानाही जगातील वासाच्या अभ्यासकांना तो निबंध शोधून वाचावा लागला. १९७९ मध्ये याच माशीवरची आंतरराष्ट्रीय परिषद कुलाब्याला भरली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वास पकडणारी ग्राही प्रथिने मुंबईला सापडली नाहीत. ती १९९१ मध्ये लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांना उंदरांत सापडली, त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. आणि माशीतील ग्राही १९९९ मध्ये अमेरिकेतच मिळाली. माझ्या मते याला केवळ साधनांची कमतरता कारण नाही. ग्राही अनेक असतात. एक बिघडली तर दुसरी निभावून नेते, आणि माशीच्या वागण्यात फरक दिसतोच असे नाही. वागणुकीवरून जनुकाकडे जाण्याच्या वाटेलाच ती मर्यादा होती. तरीही वासाचा प्रश्न माशीत, जनुकांच्या मार्गाने सोडवता येईल हे ज्यांनी प्रथम धरून ठेवले, त्यांत मुंबईचे हे दोघे अग्रभागी होते. वेगवेगळे वास मेंदूच्या वेगवेगळ्या जागी नोंदले जातात, हे रॉड्रिग्ज यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे मांडले.

‘स्वतंत्रपणे’ या शब्दावर मी थोडा थांबतो. आपल्याकडे शिष्याच्या निबंधावर गुरूचे नाव असणे ही जणू दक्षिणाच झाली आहे. सिद्दिकींच्या स्वतःच्या निबंधांची यादी त्यांच्या कीर्तीच्या मानाने लहान आहे, आणि ते उणे मानणारे लोक असतील. मला ती यादी वाचताना तिच्यात नसलेले निबंध आठवतात. रासायनिक अभियांत्रिकी शिकून आलेल्या के. विजयराघवन यांना त्यांनी जीवशास्त्रात घेतले. त्यांनी पुढे माशीच्या स्नायूंवर व मज्जातंतूंवर आपले वेगळे दालन उघडले आणि २०१८ ते २०२२ या काळात ते केंद्र सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार होते.

साठीच्या उंबरठ्यावर सिद्दिकींनी तिसऱ्यांदा बिऱ्हाड हलवले. बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले, त्याचे ते संस्थापक संचालक. पद सोडल्यावरही प्रयोगशाळा सोडली नाही; वासाची आठवण माशीच्या मेंदूत कशी राहते, हा प्रश्न त्यांनी पुढे घेतला. २००६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २०१० मध्ये रॉड्रिग्ज गेल्या, गुरूच्या आधी. जुलै २०१३ मध्ये रस्त्यावर एका दुचाकीचा धक्का लागून सिद्दिकी जखमी झाले आणि २६ तारखेला वारले. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते, आणि त्यांची प्रयोगशाळा चालू होती.