विसरलेले गणित आणि कॉलेजचा उंबरठा

अमेरिकेतील कॉलेजांत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात गणिताच्या कोणत्या वर्गात बसवायचे, हे ठरवण्यासाठी जी चाचणी घेतली जाते तिला तेथे प्लेसमेंट टेस्ट म्हणतात. नोकरीसाठी कंपन्या कॉलेजात येऊन जी निवड करतात तिच्याशी या नावाचा संबंध नाही, आणि ही प्रवेशपरीक्षाही नव्हे; प्रवेशपरीक्षा विद्यार्थ्याला आत घ्यायचे की नाही हे ठरवते, तर ही चाचणी आत आलेल्याची पातळी निश्चित करते. शाळा सोडून दहा-वीस वर्षे झालेला कामगार, मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणारी आई किंवा सैन्यातून परतलेला जवान या चाचणीला बसतो, तेव्हा अपूर्णांकांचे भागाकार, ऋण संख्यांची चिन्हे आणि समीकरणे सोडवण्याच्या रीती त्याला पुन्हा आठवाव्या लागतात. एकदा येत असलेले पण वापराअभावी विसरलेले गणित आणि मुळात कधीच न शिकलेले गणित या दोन भिन्न अवस्था आहेत. त्यांतील फरक कॉलेजांनी फार क्वचित ओळखला, आणि या चाचणीचा इतिहास पुष्कळ अंशी त्या दुर्लक्षाचा इतिहास आहे.

सुरुवातीच्या अमेरिकी कॉलेजांत हा प्रश्नच नव्हता, कारण प्रवेशासाठी लॅटिन आणि ग्रीक पुरेसे होते. सतराव्या शतकाच्या मध्यास हार्वर्डमध्ये अंकगणित आणि भूमिती हे विषय शिक्षणक्रमाच्या शेवटच्या वर्षी येत. शाळेत शिकलेले गणित सोबत घेऊन येण्याची अपेक्षाच नव्हती. येलने १७४५ च्या नियमांत सामान्य अंकगणिताचे ज्ञान प्रवेशाची अट म्हणून घातले, प्रिन्स्टनने १७६० मध्ये तसेच केले, आणि हार्वर्डने ही अट थेट १८०७ मध्ये आणली. १८२० मध्ये हार्वर्डने बीजगणितही मागितले. अशा रीतीने जे आधी कॉलेजात शिकवले जाई ते एकेक करून शाळेच्या माथी गेले, आणि शाळेचा शेवट व कॉलेजची सुरुवात यांच्यामध्ये जे विसरले जाई त्याचा भार मात्र विद्यार्थ्याच्याच डोक्यावर राहिला.

त्या काळच्या विद्यार्थ्याजवळ उजळणीचे एक साधन होते आणि ते आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. छापील पुस्तके महाग आणि दुर्मीळ असल्यामुळे शिक्षक नियम व उदाहरणे सांगत आणि मुलगा ती सुवाच्य अक्षरात स्वतःच्या वहीत उतरवून घेई. या वहीला सायफरिंग बुक, म्हणजे हिशेबवही, असे म्हणत. तिच्यात मूलभूत चार क्रियांपासून सुरुवात होऊन पौंड-शिलिंग-पेन्सचे हिशेब, त्रैराशिक (तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याची रीत), व्याज आणि व्यापारी मालाची अदलाबदल असे विषय क्रमाने येत. शेतीची कामे संपली की हिवाळ्यातच शाळेत जाणाऱ्या मुलांना दरवर्षी मधल्या महिन्यांत विसरलेले सावरून पुढे जावे लागे, आणि वही जवळ असल्यामुळे ते शक्य होई. मोठेपणी दुकानदार किंवा जमीनमोजणीदार झालेला माणूसही तीच वही उघडून रीत पाही. या पद्धतीत घोकंपट्टी होती आणि नियमामागचे कारण क्वचितच सांगितले जाई, हा तिचा दोष खराच. तरीही माणूस विसरणार हे तिने गृहीत धरले होते आणि त्याची सोय आधीच करून ठेवली होती. १७८८ मध्ये निकोलस पाइक यांचे अंकगणित आणि १८२१ मध्ये वॉरन कोलबर्न यांचे तोंडी हिशेबावर भर देणारे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि पुढे छापील पुस्तके स्वस्त व सार्वत्रिक होत गेली तशी स्वहस्ते लिहिलेली वही मागे पडली.

एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडील नव्या राज्यांत विद्यापीठे निघाली, पण त्यांना विद्यार्थी पुरवतील अशा माध्यमिक शाळा तेथे जवळजवळ नव्हत्या. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा पहिला वर्ग फेब्रुवारी १८४९ मध्ये मॅडिसन येथे भरला तो पदवीचा नव्हताच. तो पूर्वतयारीचा वर्ग होता, आणि जॉन स्टर्लिंग हे गणिताचे प्राध्यापक तो घेत होते. वाचन, लेखन आणि अंकगणित पक्के करून मगच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात शिरायचे, अशी ही पायरी होती, आणि ती लाजिरवाणी समजली जात नव्हती. १८८९ च्या सुमारास देशातील जवळपास ४०० उच्चशिक्षण संस्थांपैकी केवळ ६५ संस्थांत असा पूर्वतयारीचा विभाग नव्हता. शतक सरता सरता सार्वजनिक हायस्कुले वाढली, तसे हे विभाग बंद करणे हीच प्रतिष्ठेची खूण ठरू लागली; व्हॅसारसारख्या स्त्रियांच्या कॉलेजानेही १८८८ मध्ये आपला विभाग बंद केला. हायस्कूल हे काम करील असा विश्वास त्यामागे होता, परंतु ज्याचे हायस्कूल संपून बरीच वर्षे झाली आहेत अशा माणसाचा विचार त्या विश्वासात कोठेही नव्हता.

१९०० मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज एन्ट्रन्स एक्झामिनेशन बोर्डाने जून १९०१ मध्ये पहिली सामाईक परीक्षा घेतली तेव्हा ९७३ उमेदवार देशातील ६७ आणि युरोपातील २ केंद्रांवर बसले. त्याच वर्षी इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे दोन वर्षांचे ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. पुढे देशभर पसरलेल्या कम्युनिटी कॉलेजांचा आरंभ तेथून धरला जातो. एका संस्थेने दाराची उंची ठरवली, दुसरीने दार रुंद केले, आणि प्लेसमेंट टेस्टची गरज पुढे या दोन प्रवृत्तींच्या ताणातून निर्माण झाली.

विसरलेल्या गणिताचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर ऐरणीवर आणला तो मात्र दुसऱ्या महायुद्धाने. नौदलात नेमणुका आणि प्रशिक्षण पाहणाऱ्या विभागाचे तेव्हाचे प्रमुख चेस्टर निमिट्झ यांनी १९४१ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात २७ प्रमुख विद्यापीठांत व कॉलेजांत नव्याने दाखल झालेल्या ४,२०० विद्यार्थ्यांच्या चाचणीचा निकाल दिला आहे: त्यांपैकी ६८ टक्के अंकगणिती विचारशक्तीच्या भागात नापास झाले, आणि शब्दसंग्रह व अवकाशीय आकलन धरून संपूर्ण चाचणीत ६२ टक्के. हे पत्र गणिताच्या नियतकालिकांतून फिरले आणि शाळांवर टीकेची झोड उठली. तथापि या विद्यार्थ्यांनी अंकगणित प्राथमिक शाळेत शिकलेले होते, आणि हायस्कुलात बहुतेकांचा गणिताशी संबंध थोडकाच उरला होता. त्यामुळे त्यांच्या अपयशात न शिकवल्याचा भाग किती आणि मधल्या वर्षांत विसरल्याचा किती, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. टीकाकारांनी ते वेगळे काढण्याचा यत्नही केला नाही.

सैन्याने मात्र व्यवहारी उत्तर शोधले. अंकगणित, बीजगणित आणि त्रिकोणमिती यांची थोडक्या आठवड्यांत उजळणी करून देणारे अभ्यासक्रम, ज्यांना रिफ्रेशर कोर्स म्हणतात, युद्धकाळात ठिकठिकाणी चालवले गेले. मॅडिसन येथेच, जेथे स्टर्लिंग यांचा वर्ग भरला होता, १९४२ मध्ये सैनिकांना पत्रद्वारा शिकवणारी संस्था उभी राहिली आणि तिला पुढे युनायटेड स्टेट्स आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट असे नाव मिळाले. आयोवा विद्यापीठातील एव्हरेट लिंडक्विस्ट यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी जीईडी नावाच्या, हायस्कूलशी समकक्षता तपासणाऱ्या परीक्षा तयार झाल्या. पाठ्यपुस्तकातील तपशील किती आठवतो यापेक्षा शिक्षणातून बनलेली समज किती टिकली आहे हे पाहावे, असे त्यांचे सूत्र होते. १९४४ च्या जीआय बिल या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळू लागला आणि १९४७ मध्ये कॉलेजांतील जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. हे प्रौढ विद्यार्थी गर्दी करून आले आणि चांगले शिकले. शाळेपासून पडलेला खंड हे अपात्रतेचे लक्षण नाही, याचा इतका मोठा पुरावा त्यापूर्वी कधी मिळाला नव्हता.

यानंतरच्या काळात चाचण्या वाढल्या आणि हा पुरावा मागे पडला. लिंडक्विस्ट यांच्याच पुढाकाराने १९५९ मध्ये एसीटी ही प्रवेशपरीक्षा आणि ती घेणारी त्याच नावाची संस्था सुरू झाली. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने १९७० मध्ये शहरातील प्रत्येक हायस्कूल-उत्तीर्णाला प्रवेश देण्याचे धोरण स्वीकारले, आणि अशा खुल्या दारातून आलेल्यांची वर्गवारी करण्यासाठी पातळीनिश्चितीच्या चाचण्या कम्युनिटी कॉलेजांत सर्वत्र रूढ झाल्या. १९८० च्या दशकात त्या संगणकावर आल्या. एक उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड, चुकले की सोपा, अशा पद्धतीने अर्ध्या-पाऊण तासात निकाल हाती येऊ लागला. कॉलेज बोर्डाची ॲक्युप्लेसर आणि एसीटीची कंपास या दोन चाचण्यांनी हे क्षेत्र व्यापले. कमी गुण पडलेल्या विद्यार्थ्याला अंकगणित, बीजगणितपूर्व गणित, प्राथमिक बीजगणित आणि मध्यम बीजगणित अशी पूरक गणिताची एकापुढे एक सत्रे करावी लागत. त्यांची फी भरावी लागे, पण पदवीसाठी त्यांचे श्रेय मिळत नसे.

येथे या व्यवस्थेचा दोष सर्वांत स्पष्ट दिसतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रयोगाने दाखवले होते की जे पूर्णपणे विसरल्यासारखे वाटते तेही दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. हा वाचलेला वेळ हेच त्यांनी टिकलेल्या स्मृतीचे माप मानले. हॅरी बॅरिक आणि लिंडा हॉल या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये शालेय बीजगणित पन्नास वर्षांपर्यंत कितपत टिकते हे तपासले, तेव्हा ज्यांनी पुढे कलनशास्त्रापर्यंत गणित केले होते त्यांचे बीजगणित अर्ध्या शतकानंतरही फारसे घटलेले नव्हते, आणि ज्यांचा अभ्यास लवकर थांबला त्यांचे पुष्कळ गेले होते. म्हणजे विसरणे हे बुद्धीपेक्षा सरावाच्या कालावधीवर अवलंबून असते. एका दिवशी, एका बैठकीत घेतलेली चाचणी दुसऱ्यांदा शिकण्याचा वेग मोजूच शकत नाही. तिच्या लेखी दोन आठवड्यांत सावरणारा आणि दोन वर्षे लागणारा विद्यार्थी सारखेच असतात. त्या दोघांना एकाच वर्गात बसवून पहिल्याकडून वर्षभराची फी घेणे हा अन्याय होता, आणि तो प्रामुख्याने गरीब व प्रौढ विद्यार्थ्यांवर झाला.

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांशी बोलून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की अनेकांना या चाचणीने आपले पुढचे एक-दोन वर्षांचे शिक्षण ठरणार आहे याची कल्पना नव्हती आणि ते तयारी न करता बसले होते. त्याच वर्षी शिक्षणसंशोधक थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पूरक गणिताकडे पाठवलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशच ती साखळी पूर्ण करतात. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या २०१२ च्या विश्लेषणानुसार गणिताच्या चाचणीने सुमारे एक-चतुर्थांश विद्यार्थ्यांना फारच चुकीच्या पातळीवर टाकले होते, आणि हायस्कूलमधील गुण विचारात घेतले असते तर या चुका कमी झाल्या असत्या. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत २०१३ मध्ये झालेला प्रयोग तर अधिक बोलका आहे: प्राथमिक बीजगणिताकडे पाठवायच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून सरळ संख्याशास्त्राच्या श्रेयाच्या वर्गात बसवले आणि जोडीला आठवड्यातून एकदा मदतीचा तास दिला, तेव्हा त्यांतील ५६ टक्के उत्तीर्ण झाले, प्राथमिक बीजगणिताच्या वर्गात मात्र ३९ टक्केच.

या संशोधनाचा परिणाम लवकर दिसला. एसीटीने कंपास ही चाचणी २०१६ मध्ये बंद केली. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा करून कम्युनिटी कॉलेजांना हायस्कूलमधील कामगिरी विचारात घेणे भाग पाडले आणि पूरक वर्गाच्या सक्तीवर कडक मर्यादा घातल्या. दुसरीकडे, ज्यां-क्लोद फाल्माञ आणि ज्यां-पोल द्वान्याँ यांनी मांडलेल्या ज्ञानावकाशाच्या सिद्धांतावर, म्हणजे कोणती गोष्ट येण्यासाठी आधी कोणती यावी लागते याच्या जाळ्यावर, उभारलेली अ‍ॅलेक्स ही प्रणाली बऱ्याच विद्यापीठांत वापरात आली. तिच्या पातळीनिश्चितीच्या चाचणीत विद्यार्थी एकदा बसतो, नेमके कोणते धागे सुटले आहेत ते पाहतो, त्यांची उजळणी करतो आणि पुन्हा बसतो. चाचणीच्या पोटात उजळणीला जागा देणारी रचना इतक्या उशिरा यावी, ही खेदाची गोष्ट आहे.

अशा कायद्याने चाचणीचे महत्त्व घटले तरी वीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या माणसाचा प्रश्न शिल्लक राहतो, कारण हायस्कूलचे जुने गुण त्याच्या आजच्या तयारीबद्दल फारसे सांगत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस असलेल्या कॅन्याडा कॉलेजात २००९ च्या सुमारास मॅथ जॅम नावाचा उपक्रम सुरू झाला आणि इतर कम्युनिटी कॉलेजांनी तो उचलला. सत्र सुरू होण्यापूर्वी एक-दोन आठवडे, विनामूल्य, वरच्या वर्गातील विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून सोबत बसतात, आणि प्रत्येक जण आपल्याला जेथे अडते तेथून अपूर्णांक किंवा समीकरणे पुन्हा करू लागतो. श्रेणी नसते, नापासाचा शिक्का नसतो. एकट्याने पुस्तक उघडून बसणाऱ्या प्रौढाला येथे सोबतही मिळते. बर्कली येथे गणितज्ञ उरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकात कलनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण करून एकाकी अभ्यास हेच अपयशाचे मोठे कारण असल्याचे दाखवले होते, आणि अवघड उदाहरणे एकत्र बसून सोडवणारे गट उभारून ते दूरही केले होते.