मानसिक आघातानंतर आदिवासी स्त्रियांना कशी मदत हवी?

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ जणांचा बळी गेला. २०१७ मध्ये जवळच आमडे इथे नवं गाव वसलं. पण घर मिळालं म्हणून मन सावरतंच असं नाही. अशा दुर्घटनेतून वाचलेल्यांना पुढे कित्येक वर्षं पावसाच्या आवाजानेही धडकी भरू शकते.

आघाताची जाण असलेली सेवा म्हणजे काय?

‘हिच्यात काय बिघडलंय?’ याऐवजी ‘हिच्यावर काय गुदरलं?’ असा विचार करणारी सेवा. इथे बाईला आधी सुरक्षित वाटणं महत्त्वाचं. घडलेलं सांगायचं की नाही, किती आणि कधी, हे तीच ठरवते. दुर्घटनेनंतर लगेच सगळं बोलून टाकायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

संस्कृतीचा संबंध कुठे येतो?

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाज राहतात. ‘मला नैराश्य आलंय’ असं क्वचितच कुणी म्हणतं. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जड झालंय’, ‘अन्न गोड लागत नाही’ असं सांगितलं जातं. हे नुसतं अशक्तपणाचं लक्षण समजून गोळ्या दिल्या, तर मूळ दुखणं तसंच राहतं.

बाई भगताकडे जाऊन आली असेल, तर तिची चेष्टा करू नये, उपचार तुटतात. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण होत असेल, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

खंबीरपणाचं ओझं

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांबाबत अभ्यासकांनी एक गोष्ट मांडली आहे: ‘तू खंबीर आहेस’ या अपेक्षेमुळे त्या मदत मागायला कचरतात. आपल्याकडेही ‘तूच खचलीस तर घराचं कसं?’ असं बाईला सहज ऐकवलं जातं. तिथला वंशभेद आणि इथली परिस्थिती वेगळी आहे, पण गप्प राहण्याची सक्ती ओळखीची आहे.

मदत कुठे मिळेल?

ओळखीच्या आशाताईंपासून सुरुवात करता येते. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतूनही बोलता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार मिळणं आणि माहिती गुप्त राहणं हा प्रत्येकीचा हक्क आहे.