रुमालातल्या मोडीचा उतारा

मोडी कागदाची नक्कल करणे हे मराठी इतिहासलेखनातले सर्वांत किचकट काम. बोरूने आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरे जोडत जायची, अशी मोडी लेखनाची रीत. त्यात शब्दांमध्ये जागा सुटत नाही, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळले जात नाहीत. तारीखही ‘छ’ या खुणेपुढे चांद्र महिन्याचा दिवस आणि अरबी संख्यानामांत शुहूर सन अशी पडते. त्यामुळे वाचणाऱ्याला लिपीच्या जोडीला जंत्रीही हाताशी ठेवावी लागते.

असे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडी रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल ३९ हजारांच्या घरात, कागद काही कोटी. इंग्रजांनी हे दफ्तर सांभाळले ते इतिहासासाठी नव्हे. इनामे आणि वतने कोणाची, हे ठरवायला त्यांना जुना पुरावा लागत होता. अभ्यासकांना तिथे सहजासहजी प्रवेश नव्हता.

वि. का. राजवाडे यांनी मग दफ्तराबाहेरची वाट धरली. जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरचे कागद गावोगाव फिरून मिळवायचे, स्वतः वाचायचे, बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायचे आणि छापायचे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पुढे २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हे काम संस्थेच्या बळावर चालवले. सरकारी दफ्तरातली निवडक पत्रे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून ४५ भागांत प्रसिद्ध झाली. एवढे छापूनही एकूण साठ्याचा फार थोडा अंश उजेडात आला.

सूक्ष्मपटाने आणि नंतर स्कॅनरने कागद जीर्ण होण्याची भीती कमी केली, पण वाचनाचे ओझे हलके झाले नाही. स्कॅन म्हणजे चित्र. त्यात नाव किंवा गाव शोधता येत नाही. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्वतंत्र जागा मिळाली आणि संगणकावर मोडी मजकूर प्रमाणित संकेतांत टंकलिखित करता येऊ लागला. हस्ताक्षर ओळखण्याचा प्रश्न मात्र वेगळाच राहिला. एकच अक्षर लेखनिकागणिक बदलते, आणि घाईच्या पत्रात तर ओळखीचे वळणही हरवते. यंत्राला हे शिकवायचे तर मूळ कागदाचे चित्र आणि माणसाने केलेला अचूक देवनागरी उतारा अशा हजारो जोड्या लागतात. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून गेली, आणि असे उतारे करू शकणारे वाचक त्यानंतर विरळ होत गेले. खरी टंचाई त्यांची आहे.

म्हणून व्यवहार्य क्रम असा पडतो: रुमालाच्या क्रमांकासह कागदाचे चित्र, मग तारीख, गाव, लिहिणारा आणि विषय यांची देवनागरी सूची, आणि पूर्ण लिप्यंतर निवडक कागदांचेच. सूची तयार असली की मोडी न येणारा अभ्यासकही नेमका कागद मागवू शकतो.