फ्रँकफर्ट : उताराचे गाव

आपल्यापैकी बहुतेकांनी जर्मनीच्या भूमीवर पहिले पाऊल ठेवले ते फ्रँकफर्टच्या विमानतळावर. पण या शहराच्या नावाचा अर्थ किती जणांनी विचारला असेल? जर्मन भाषेत 'फुर्ट' म्हणजे नदीतली उथळ जागा, जिथून माणसे, गुरे आणि गाड्या पुलाशिवाय पलीकडे जातात. आपल्याकडे हिला नदीचा 'उतार' म्हणतात. फ्रँकफर्ट म्हणजे फ्रँक लोकांचा उतार. गगनचुंबी बँकांच्या या शहराचे नाव मुळात असे खेड्यातले आहे!

दंतकथा सांगते, की सॅक्सनांपासून माघार घेत सम्राट शार्लमेन माइनकाठी आला. धुक्यात पाण्याचा अंदाज येईना. तेवढ्यात एक हरिणी पाण्यात शिरून सुखरूप पार गेली आणि तिच्या मागून सैन्य उतरले. समोरच्या तीरावरच्या 'साक्सेनहाउझेन' या नावाचा संबंधही लोक याच सॅक्सनांशी जोडतात. हरिणी खरी असो वा नसो, ७९४ साली शार्लमेनने येथे मोठी धर्मसभा भरवली आणि तीत धान्याचे भाव व नाणी यांचेही नियम ठरले, हा मात्र इतिहास आहे. गावाचे नाव लेखात प्रथम येते तेही त्याच वर्षी.

उतार सापडणे ही पहिली पायरी, तो राखणे ही दुसरी. फ्रँकफर्टकरांनी तेथे पूल बांधला. त्याचा पहिला लेखी उल्लेख १२२२ चा आहे. १२४० मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने येथील जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना संरक्षण दिले. आजच्या 'मेसे'ची मुळे तिथवर पोहोचतात.

दुर्लक्षिलेल्या उताराची किंमत मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. १७६० च्या पावसाळ्यात फुगलेल्या यमुनेमुळे अब्दाली पूर्वतीरावर अडकला होता. सदाशिवरावभाऊंनी ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडे जाऊन कुंजपुरा जिंकले. पाणी ओसरेपर्यंत शत्रू पलीकडेच राहील, असा हिशेब होता. पण २५ ऑक्टोबरच्या सुमारास बागपतजवळ अब्दालीला उतार मिळाला. काही माणसे वाहून गेली, पण फौज पार झाली आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसली. दक्षिणेची वाट तुटली, रसद आटली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे घडले, त्याचे एक मूळ या पाण्यात आहे. नदी हा तट नव्हे. तिची उंची ऋतूप्रमाणे बदलते, आणि तटासारखाच तिच्यावरही पहारा लागतो.

फ्रँकफर्टचा तो उतार आज दिसत नाही. १८८३ ते १८८६ या काळात माइंट्सपासून येथवर पाच बंधारे व जलपाश बांधून माइनचे पाणी उंचावण्यात आले, म्हणजे मालाची मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकली. ज्या उथळपणाने गाव वसवले, तोच पुढे व्यापाराच्या आड येऊ लागला होता.

पुढच्या खेपेस पाहुण्यांना रोमर दाखवून झाले की दहा मिनिटे चालून 'आल्टे ब्र्यूके'वर जरूर न्यावे. खाली वाहणारे संथ, खोल पाणी दाखवून त्यांना सांगावे, की या गावाचा जन्म गुडघाभर पाण्यात झाला.