गव्हाला चिठ्ठी वाचता येत नाही

होमिओपॅथीवरचा वाद कुठल्याही मराठी घरात सुरू झाला की एका ठरलेल्या वाक्यापाशी येऊन थांबतो. "अहो, पण मग तान्ह्या बाळांना आणि जनावरांना कसा गुण येतो? त्यांना कुठे ठाऊक असतं काय दिलंय ते?" प्रश्न चांगला आहे. तो ताणत नेला तर बाळ आणि गाय ओलांडून थेट झाडापर्यंत जावं लागतं. झाडाची डॉक्टरवर श्रद्धा नसते, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या त्याला आवडत नाहीत. गव्हाच्या दाण्याला मोड येतो किंवा येत नाही. म्हणूनच गेली शंभर वर्षं काही माणसं होमिओपॅथीची अतिविरल द्रावणं बियांवर घालून बघत आली आहेत. त्या प्रयोगांबद्दल मी वाचत गेलो तसतसा मला हा गव्हापेक्षा गहू मोजणाऱ्या माणसांचाच इतिहास वाटू लागला.

आधी थोडा हिशोब. '30 सी' म्हणजे एक भाग औषध आणि 99 भाग पाणी किंवा अल्कोहोल, जोरात हलवायचं, त्यातला एक भाग पुन्हा 99 भागांत, असं तीस वेळा. एक ग्रॅम मिठात सोडियम-क्लोराइडच्या साधारण 10 च्या 22 व्या घाताइतक्या जोड्या असतात. दर पायरीला शंभराने भागत गेलं की अकराव्या पायरीला सरासरी एक जोडी उरते. पुढच्या एकोणीस पायऱ्या पाण्यात पाणी मिसळण्याच्या. हानेमानने 1810 साली 'ऑर्गेनन' छापलं तेव्हा हा हिशोब करण्याची सोय नव्हती, त्यामुळे त्याला हसण्यात अर्थ नाही. मात्र आज कुणी 30 सीने रोप वाढतं असं म्हणत असेल, तर त्या दाव्याला नेहमीपेक्षा भक्कम पुरावा लागणार हे उघड आहे.

असा पुरावा मागायची रीत झाडांच्या आधी माणसांवर वापरून झाली होती, आणि तीही हानेमान हयात असताना. 1835 साली जर्मनीतल्या न्युरेंबर्ग शहरात काही मंडळींनी शंभर कुप्या भरल्या. निम्म्यांत वितळलेल्या बर्फाचं नुसतं पाणी, निम्म्यांत त्याच पाण्यात केलेलं मिठाचं 30 सी. कुठल्या क्रमांकाच्या कुपीत काय, ती यादी मोहोरबंद ठेवली. कुप्या वाटणाऱ्याला ठाऊक नाही, पिणाऱ्याला ठाऊक नाही. पन्नास जणांनी परत येऊन काय वाटलं ते सांगितलं. बेचाळीस जणांना काहीच झालं नव्हतं. आठ जणांना काहीतरी जाणवलं होतं. यादी उघडली तर त्यातले पाच औषधवाले आणि तीन पाणीवाले निघाले. ही मोहोरबंद यादी लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत ती बराच काळ गायब आहे.

गव्हाची गोष्ट सुरू होते 1923 साली. रुडॉल्फ स्टायनरच्या वर्तुळातल्या लिली कोलिस्को या बाईंनी श्टुटगार्टमध्ये धातूंच्या क्षारांची पायरीपायरीने विरल केलेली द्रावणं घेतली, त्यांत गव्हाचे दाणे उगवले आणि कोंब व मुळं मोजून आलेख काढले. आलेख सरळ उतरले नाहीत, लाटेसारखे वरखाली झाले. कोलिस्कोबाईंचा निष्कर्ष असा की प्रत्येक पायरीला स्वतःची शक्ती आहे. बाईंच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. हजारो कोंबांना पट्टी लावणं हे पाठ मोडणारं काम आहे. पण ओल्या, वाकड्या, नखाएवढ्या कोंबाला पट्टी लावताना टोक नेमकं कुठे धरायचं? दाण्यातून पांढरं टोक डोकावलं की 'उगवला' म्हणायचं, की मूळ दिसल्यावर? असा निर्णय दर दाण्याला घ्यावा लागतो. समोरच्या बशीवर काय लिहिलंय ते माहीत असेल तर हात किंचित त्या बाजूला झुकतो. यात लबाडी नाही, आपले डोळेच तसे आहेत. गव्हाला चिठ्ठी वाचता येत नाही, पण पट्टी धरणाऱ्याला येते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि ती समजायला वढू बुद्रुकला आमच्या शेतावर येणं सोपं पडेल. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे गावाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, कांद्याच्या रोपवाटिकांसाठी ते कुणी घेत नाही. आमच्या अण्णांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, शेतीसाठी म्हणून विकले जाणारे होमिओपॅथिक थेंब एका वाफ्याला दिले होते. मला बांधावर उभं करून म्हणाले, "हा थेंबाचा, तो साधा. तूच सांग." थेंबाचा वाफा खरोखरच उजवा होता. तो पाटाच्या तोंडाशीही होता. पाणी सोडलं की त्याला पहिलं आणि भरपूर मिळायचं, दुसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत धार बारीक व्हायची. मी तसं म्हटल्यावर अण्णा हसले, "पाणी तर मागच्या साली बी असंच होतं." मागच्या साली रोप कसं होतं ते मात्र दोघांनाही आठवेना.

हा पेच सोडवण्याची विद्या शेतीतूनच आली. रोनाल्ड फिशर 1919 साली इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेला आणि तिथे त्याने शेतातल्या प्रयोगांची घडी बसवली. कुठल्या वाफ्याला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, एकेक नव्हे पुष्कळ वाफे घ्या, पाटाजवळच्यांची तुलना पाटाजवळच्यांशीच करा. ही विद्या भारतातल्या कृषी महाविद्यालयांत पोचवणारं पुस्तक दोन मराठी माणसांचं आहे. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचं शेतीतल्या संख्याशास्त्रीय पद्धतींवरचं इंग्रजी पुस्तक 1954 साली आलं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. शेतीचा पदवीधर भेटला तर त्याला 'पानसे-सुखात्मे' म्हणून बघा, चेहऱ्यावर परीक्षेची आठवण उमटते.

या विद्येत एक फार सुंदर प्रकार आहे, एकसारखेपणाची चाचणी. सगळं शेत एकाच बियाण्याने, एकाच खताने, एकाच दिवशी पेरायचं, मग त्याचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाचं उत्पन्न वेगळं तोलायचं. काहीही वेगळं केलेलं नसताना तुकड्यातुकड्यांत फरक येतोच. तो फरक आधी मोजा, मगच औषधाबद्दल बोला. बशीतल्या बियांचंही तेच. 80 टक्के उगवणीच्या एकाच पोत्यातून शंभर-शंभर दाण्यांचे दोन वाटे काढले, तर दोघांत 10 किंवा जास्त दाण्यांचा फरक शंभरातून साधारण नऊ वेळा निव्वळ योगायोगाने पडतो. नोकरीची सवय म्हणून हे मी संगणकाला हजारो वेळा करायला लावून पाहिलं, पण कागदावरही तेच येतं. आता तीस पायऱ्यांची तीस द्रावणं घ्या आणि प्रत्येकाची साध्या पाण्याच्या वेगळ्या बशीशी तुलना करा. तीसही बाटल्यांत नळाचं पाणी असलं तरी दोन-तीन जोड्यांत एवढा ठसठशीत फरक निघणार. लाटांचे आलेख असेही तयार होतात.

होमिओपॅथीच्या बाजूच्या संशोधकांनी हे मनावर घेतलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 1965 साली पेलिकान आणि उंगर यांनी सिल्व्हर नायट्रेट आणि गहू घेऊन हीच चाचणी संख्याशास्त्राच्या चौकटीत पुन्हा केली आणि फरक दिसतो असं मांडलं. भारतात खन्ना आणि चंद्रा यांनी टोमॅटोच्या फळकुजीवर होमिओपॅथिक औषधं वापरून पाहिली, तो लेख 1976 साली 'इंडियन फायटोपॅथॉलॉजी'त आला. इटलीतल्या बोलोन्याच्या लुचिएत्ता बेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाचे दाणे आधी सोमलाने, म्हणजे आर्सेनिकने, अर्धमेले केले आणि मग त्याच सोमलाचं 45 दशमान पायऱ्यांचं द्रावण दिलं. दाणे सावरले असं त्यांचे आकडे सांगत होते. मग स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या स्टेफान बाउमगार्टनर यांच्या गटाने हा प्रयोग पुन्हा केला. हा गट नुसत्या पाण्याच्या बशा घेऊन एकसारखेपणाची चाचणीही करतो, म्हणजे पानसे-सुखात्म्यांच्या जातकुळीतला. 2005 साली निकाल छापला. परिणाम दिसला, पण उलटा. बोलोन्यात ज्या द्रावणाने कोंब वाढले होते, त्याच द्रावणाने बर्नमध्ये कोंब खुंटले होते.

निकाल त्यांनी लपवला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण त्याचा अर्थ लावताना द्रावणाला कधी तारणारी, कधी मारणारी शक्ती चिकटवण्यापेक्षा, मोजणीत अजून कुठेतरी पाटाचं तोंड राहून गेलंय असं मानणं मला जास्त सरळ वाटतं.

आपल्याकडे या विषयावर सर्वांत जास्त गाजलेलं काम 2010 चं, पवईच्या आयआयटीतलं. चिक्रमाने, सुरेश, बेल्लारे आणि काणे यांनी बाजारातली सोनं, तांबं, जस्त अशा धातूंची औषधं घेतली आणि 6 सी, 30 सी, 200 सी या तिन्हींत त्या धातूचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचं दाखवलं. 'होमिओपॅथी सिद्ध झाली' हे वाक्य मी तेव्हापासून किती वेळा ऐकलंय याची गणतीच नाही. त्या लेखात गहू नाही, रोगी नाही, गुण येण्याची चाचणी नाही. बाटलीत काय आहे एवढाच प्रश्न आहे. आणि उत्तर अडचणीचं आहे: तिन्ही पायऱ्यांत धातूचं प्रमाण फारसं वेगळं नाही. मग तीस आणि दोनशे यांत फरक काय, आणि कुणाला कितवी पायरी द्यायची हे ठरवण्यात डॉक्टरांचा एवढा वेळ का जातो?

न्युरेंबर्गची मोहोरबंद यादी पुण्यात यायला 2008 साल उजाडलं, आणि तीही वेगळ्याच विषयासाठी. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका सरमिसळ करून ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली, नाणेफेकीपेक्षा थोडी कमीच. खर्च जवळपास टपालाचाच. कांद्याच्या रोपवाटिकेवर असं काही करायला याहून फार लागणार नाही: वीस वाफे, चिठ्ठ्या, दोन सारख्या बाटल्या, आणि यादी सांभाळायला शेताकडे न फिरकणारा एक माणूस. पाणी सोडणाऱ्यालाही कुठला वाफा कशाचा ते कळता कामा नये.

अण्णांचं नुकसान बाटलीच्या किमतीचं नाही. थेंबावर भरवसा ठेवून बीजप्रक्रिया टाळली आणि रोपात मर शिरली, तर आठवड्यात वाफे बसतात आणि लागणीची वेळ निघून जाते. दुकानातून कांद्याचं बी घेतलं तर पिशवीवर उगवणीचा आकडा छापलेला असतो, तो 70 टक्क्यांच्या खाली चालत नाही, आणि खोटा निघाला तर तक्रार करता येते. गव्हाला ती अट 85 ची आहे, बाजरीला 75 ची. आणि घरच्या बियाण्यालासुद्धा अण्णा दर साली ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात, मोजतात, कमी भरले तर बी वाढवून टाकतात. थेंबाच्या बाटलीवर मी आकडा शोधला. पत्ता होता, मात्रा होती, गणपतीचं चित्र होतं.